जांभळा हात

शलाका हुक्केरीला हॉस्पिटलातल्या त्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणातून काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेऊ. संसर्ग प्रतिबंध विभागात एक कायमची जागा. त्या जागेबरोबर कर्मचारी वसाहतीत एक खोली, जिची खिडकी शवागाराच्या बाजूला उघडत नाही. पांढऱ्या कोटावर दोऱ्यानं शिवलेलं नाव, कारण विद्यार्थ्यांना ते चिकटपट्टीवर लिहून मिळतं आणि पहिल्या धुण्यात निघून जातं. आणि जतच्या मामाला 'आत्ता नको' असं सांगण्याची सोय. मामाचा मुलगा वाईट नव्हता. ट्रॅक्टर दुरुस्तीचं त्याचं वर्कशॉप चांगलं चाललं होतं, शलाकाचा फोटो तो पाकिटात बाळगत होता, आणि लग्नानंतर बायकोनं बाहेर काही करू नये एवढंच त्याचं साधं मत होतं. शलाकाच्या जमेच्या बाजूला ही शेवटची सोयच सगळ्यांत जड होती.

जागा एकच आणि उमेदवार दोन. दुसरा सम्मेद बिरनाळे, कुपवाडच्या खतविक्रेत्याचा मुलगा. वडिलांच्या दुकानात युरियाच्या पोत्यांना टेकून आयुष्य काढायचं नाही, एवढंच त्याला साधायचं होतं. पण त्यासाठी जो आटापिटा लागतो तो त्याच्या अंगात नव्हता. वॉर्डात शिरला की तो आधी पेशंटच्या पायाशी बसून गावाची, पाहुण्यांची, उसाची चौकशी करायचा. मग त्याला आठवायचं की आपण इथं लोक हात धुतात की नाही हे बघायला आलोय. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात कँटीनच्या बाकावर चहाची पैज कशावरही लागे. या वेळचे सगळे चहा शलाकावर लागले होते.

त्या वर्षी हॉस्पिटलात 'हातओळख' बसवली होती. तिची गंमत अशी की आपल्या तळहातावर आपण एकटे नसतो. लाखो जिवाणूंची तिथं कायमची वस्ती असते, आणि ती वस्ती प्रत्येकाची निराळी. काही घराणी आईच्या हातून आलेली, काही गावच्या पाण्यातून, काही गोठ्यातून, काही शिवणाच्या मशीनवरून. त्या मिसळीत कोण किती हे प्रमाण जगात दुसऱ्या कुणाचं तंतोतंत तसं नसतं. आपण जिथं हात लावतो तिथं त्या वस्तीतले चार रहिवासी सोडून येतो. आतापर्यंत ते कुणाला दिसत नव्हते. आता प्रत्येक खाटेच्या कठड्यावर, नळावर, दाराच्या मुठीवर केसाएवढ्या जाडीची एक पट्टी चिकटवलेली होती. ती त्या रहिवाशांचे जनुकीय तुकडे वाचायची आणि हा हात कुणाचा ते सांगायची. वॉर्डात आलेल्या प्रत्येकानं, कर्मचारी असो की पेशंट, पहिल्या दिवशी एकदा काचेवर तळवा ठेवायचा. मशीन त्याला एक रंग द्यायचं. मग सिस्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर वॉर्डाचा नकाशा आणि त्यावर रंगीत ठिपके. कोण कुठून उठलं, काय धरलं, कुणाला शिवलं, सगळं रांगोळीसारखं मांडलेलं. उद्या एखाद्या खाटेवर संसर्ग निघाला तर त्या खाटेपर्यंत कोणता हात पोचला ते बसल्याजागी कळणार.

शलाकाला हिरवा रंग मिळाला, सम्मेदला पिवळा.

पहिल्या महिन्यात शलाकाचे हिरवे ठिपके इतरांसारखेच जागोजाग होते. पुढे ते विरळ झाले. नंतर शोधावे लागू लागले. कारण उघड होतं. प्रत्येक खाटेआधी, प्रत्येक खाटेनंतर आणि मध्ये शंका आली म्हणून, अशी ती हात धुवायची. एस्थर लोंढे सिस्टर या विभागाच्या प्रमुख होत्या. कौतुकाच्या बाबतीत अत्यंत काटकसरी बाई. पण नव्या मुलींना पडद्यासमोर उभं करून त्याही सांगायच्या, "हा हात बघा. मशीनलासुद्धा सापडत नाही."

मग नकाशाभर सांडलेल्या पिवळ्याकडे बोट दाखवून, "आणि हे बिरनाळे. हळदीच्या कार्यक्रमाला जाऊन आलेत."

"सिस्टर," सम्मेद म्हणायचा, "माणूस येऊन गेला हे कळायला नको होय कुणाला?"

यावर नव्या मुली हसायच्या आणि शलाका हात धुवायला जायची.

त्या सततच्या धुण्याची एक बाजू पडद्यावर दिसत नव्हती. तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. बोटांच्या पेरांशी कातडी फाटून लाल झाली होती, हातमोजे घातले की आग व्हायची, स्पिरिट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. उत्तम विद्यार्थिनीचे हात तक्रार करत नाहीत, असा तिचा समज होता.

काचेच्या वेगळ्या खोलीत तेव्हा गौराबाई मगदूम होत्या. तळसंगीच्या, पासष्टीच्या, रंग जांभळा. त्यांच्या अंगावर औषधांना दाद न देणारी एक बुरशी आली होती. ही बुरशी धडधाकट माणसाच्या कातडीवर मुकाट राहते, आणि तिथून एखाद्या दुबळ्या माणसाच्या सलाईनच्या सुईपाशी पोचली की रक्तात शिरते. म्हणून खोली वेगळी, आत जाताना गाऊन आणि हातमोजे, आणि बाहेर येताना सगळं टोपलीत.

एका दुपारी आग सहन होईना म्हणून शलाकानं त्या खोलीत क्षणभर मोजे काढले. गौराबाईंनी बघितलं.

"अगं बया. हात हाय का खवणी?"

"काही नाही आजी. पाण्यानं होतं."

"पाण्यानं हुतंय तर तूप हाय की." उशाशी काचेची बरणी होती. येताना घरून आणलेली. "आमच्या चंद्रीचं हाय. म्हस न्हवं ती, राणी हाय. माझ्याबिगर कुणाला धार देत न्हाय. आण हिकडं."

"आजी, नियम आहे."

"नियमाला भेगा पडत्यात व्हय?"

नियम काय सांगतो हे शलाकाला पाठ होतं. पण त्या हातांनी तिचे हात ओढून घेतले, आणि पेरापेराला तूप चोळताना ती म्हातारी जे काही पुटपुटत होती त्यात तिच्या आईच्या बोलण्याची लकब होती. दुसऱ्या दिवशी ती आपणहून गेली. तिसऱ्या दिवशी गौराबाईंनी बरणी आधीच उघडून ठेवली होती. यात एकट्या शलाकाचाच फायदा होता असं नाही. त्या खोलीत आल्यापासून गौराबाईंना कुणी मोज्याशिवाय शिवलं नव्हतं. तीन आठवड्यांत बरणी तळाला गेली. शलाकाचे हात मऊ पडले. बाहेर येऊन ती ते खसखसून धुवायची, अगदी मनापासून, आणि तुपाखालच्या भेगांपर्यंत साबण पोचत नव्हता.

मग ती पुढच्या खाटेकडे जायची. तिचं मुख्य काम तेच होतं: पेशंटला हात कसे धुवायचे ते शिकवणं. त्याचे हात आपल्या हातात घ्यायचे आणि तळव्याला तळवा, बोटांत बोटं घालून दाखवायचं.

सिस्टरांच्या टेबलासमोरच्या खाटेवर ऐनापुरे मास्तर होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. किडनीसाठी आले होते आणि पडद्यावर रमले होते. टीव्हीपेक्षा यात गोष्ट चांगली आहे म्हणायचे.

"शलाका, तुझा हिरवा कुठं गेला गं?"

"स्वच्छ आहे म्हणून दिसत नाही, मास्तर."

"स्वच्छ म्हणजे कागद कोरा दिसायला हवा." मास्तरांनी डोळे बारीक केले. "इथं कोरा नाही दिसत. तुझा पातळ होत गेला तसा काचेच्या खोलीतला जांभळा दाट होत गेला. एकाच ब्रशात दोन रंग घेतले की असं होतं."

"मास्तर, हात पुढे करा बघू. तळव्याला तळवा."

मास्तरांनी हसत हात पुढे केले.

गौराबाई एका सोमवारी गेल्या. सकाळी त्यांना तळसंगीला नेलं. खोली धुरी देऊन बंद केली. पडद्यावर त्यांच्या नावापुढे 'मृत' असं आलं आणि रंग यादीत तळाला सरकला.

मंगळवारी, अकराच्या राउंडला, लख्ख उजेडात, मास्तरांच्या खाटेच्या कठड्यावर एक जांभळा ठिपका उमटला.

सिस्टर म्हणाल्या, जुना असेल. मशीन म्हणालं, पाच मिनिटांपूर्वीचा आहे. तोवर दुसरा उमटला, पाण्याच्या जगवर. बुधवारी खिडकीजवळच्या खाटेवर. गुरुवारी औषधांच्या ढकलगाडीवर ओळीनं चार, जणू कुणी तिच्या कडेला हात धरून चाललं होतं. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला, दोन दिवस पट्ट्या तपासल्या आणि म्हणाला की मशीन बरोबर आहे. हे ऐकून लोकांना जास्त भीती वाटली. आयाबाई बंद खोलीच्या दारावरून जाताना पदर सावरू लागल्या. कुणीतरी दाराच्या मुठीला लिंबू बांधलं. सिस्टरांनी ते काढायला लावलं, कारण त्या बायबल वाचत आणि लिंबू मानत नसत. पण काढलं सम्मेदनं. सिस्टरांनी स्वतः हात लावला नाही.

ठिपके जिथं जिथं जात होते तिथल्या चौघांना आठवड्याभरात तीच बुरशी लागली. त्यात मास्तर होते. चौघांतले तिघं तगडे होते, ते सावरले. मास्तरांच्या दंडात डायलिसिससाठी नळी होती.

मेलेल्या बाईचा हात वॉर्डात फिरतोय, हे अधीक्षक डॉ. मेढेकरांना अहवालात लिहिता येईना. त्यांना हाडामांसाचं कारण हवं होतं, आणि ते मिळालं. लॉकर तपासले तेव्हा सम्मेदच्या कोटाच्या खिशात गौराबाईंची चंची निघाली. पान, सुपारी, चुन्याची डबी असलेली कापडी पिशवी. गौराबाईंनी ती त्याच्याकडे दिली होती, घरी पोचव म्हणून. तो विसरला होता. जांभळ्या हातानं आयुष्यभर उघडलेली-मिटलेली चंची, आणि ती खिशात घेऊन, मध्ये मध्ये त्याच खिशात हात घालत हे महाशय खाटांवर बसत फिरत होते.

चंचीनं सगळ्यांचं समाधान केलं. हेही मोजून ठेवण्यासारखं आहे. कंपनीचं मशीन खरं ठरलं. हात धुण्यात राज्यात पहिल्या आलेल्या हॉस्पिटलाचं धुणं शाबूत राहिलं. मेढेकरांना अहवाल मिळाला. सिस्टरांनी ज्याला नावं ठेवली तोच दोषी निघाला आणि जिचं कौतुक केलं ती निर्मळ राहिली. आणि शलाकाला जागा मिळाली, नुसतं शनिवारच्या बैठकीत शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

सम्मेद पहिल्या दिवशी हसला. "बरं झालं. युरियाला हात धुवून शिवावं लागत नाही." दुसऱ्या दिवशी तो कँटीनमध्ये दिसला तेव्हा चपाती चमच्यानं तोडायचा प्रयत्न करत होता. शलाकानं विचारलं तर म्हणाला, "हात नको वाटतोय तोंडाला." तो हात खिशातही घालत नव्हता. शर्टापासून दूर, ओले असल्यासारखे धरून बसला होता. मास्तरांच्या खाटेकडे जाणारा जिना त्यानं सोडला होता आणि लांबच्या जिन्यानं उतरायचा.

सिस्टरांनी चंची पिशवीत बंद करून शलाकाकडे दिली. "तळसंगीला जाऊन ये बाळा. ही पोचव, आणि घरातले नमुने घे. दारं, नळ, भांडी. घरातलं कुणी भेटायला येऊन इथं हात लावून गेलं असेल तर तेही बघून टाकू."

माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून उतरून ती मगदुमांच्या अंगणात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. सून वैजंता गोठ्यात होती. तिच्या अंगावर साठीतल्या बाईचं विटकं लुगडं पाहून शलाका थबकली.

"सासूबाईंचं हाय," वैजंता ओशाळून म्हणाली. "म्हस फसल म्हणून निसलंय. त्या दवाखान्यात गेल्यापास्नं धार देत न्हाय ओ. इंजेक्षन केलं, पेंड घातली, रेडकू सोडलं. लुगड्याला बी भुलंना. आतली आत आटाय लागलीय."

पलीकडे खाटेवर गौराबाईंचे मालक बसले होते. आप्पा मगदूम. मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेले. शलाकानं चंची त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती चाचपली, नाकाला लावली आणि बाजूला ठेवली. "चुना हाय नुस्ता. आन् औषिद."

नमुने घेऊन झाल्यावर शलाकानं मोजे काढले, कारण तुपाची बरणी संपल्यापासून हात पुन्हा चरचरू लागले होते. गोठ्याच्या दाराशी उभी राहून ती बाटल्यांवर नावं लिहीत होती. चंद्रीनं मान वळवली. नाकपुड्या फुलल्या. दावं ताणून तिनं तोंड पुढं काढलं आणि शलाकाच्या मोकळ्या तळव्यात नाक खुपसलं. गरम, ओलं, जड नाक. शलाका मागं सरकली तशी म्हैस खालच्या आवाजात हुंकारली. रेडकाला घालतात तसा हुंकार.

"ताई," वैजंता हलकेच म्हणाली. "हलू नगा."

म्हशीच्या सडांतून, कुणी हात न लावता, दूध ठिबकू लागलं होतं.

वैजंतानं बादली ओढली आणि बसली. पहिली धार पत्र्यावर वाजली, मग फेसात मुरली. शलाका तळवा तसाच धरून उभी होती. चंद्री तो चाटत होती, खरखरीत जिभेनं, भेगेभेगेतून. खाटेवरून आप्पा उठले. भिंत धरत आले, शलाकाचा दुसरा हात शोधून काढला आणि तोंडाजवळ नेला.

"आलीस व्हय?" ते म्हणाले.

"आप्पा, मी दवाखान्यातली आहे. शलाका."

"आवाज न्हाय तिचा," आप्पा म्हणाले, आणि हात सोडला नाही. "वास हाय."

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली आणि जे शिकली होती ते एकापुढे एक ठेवत गेली. कातडीला स्वतःचा वास नसतो. घाम बिनवासाचा असतो. त्यावर जगणारे जिवाणू वास तयार करतात, म्हणून प्रत्येकाचा निराळा. वस्ती उठवली तर जागा फार काळ मोकळी राहत नाही, जो आधी येईल तो घर बांधतो. तिनं सहा महिने साबणानं, स्पिरिटनं आपल्या हातांवरची वस्ती उठवली होती. आईकडून आलेली, गावच्या आडाच्या पाण्यातून आलेली, तिची म्हणून जी काही होती ती. मग त्या ओसाड भेगांत कुणीतरी रोज दुपारी, मायेनं, तुपात कालवून आपली वस्ती पेरली. त्या वस्तीत बुरशीही होती. सम्मेदचे हात कधी ओसाड झालेच नाहीत. त्याच्या कळकट पिवळ्या गर्दीत पाहुण्याला टेकायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पडद्यावर कोपऱ्यातलं बेसिन उघडून बघितलं. ते बेसिन तिच्याशिवाय कुणी वापरत नसे. नळाभोवती जांभळ्या ठिपक्यांचा दाट हार होता. हिरवा एकही नव्हता.

मास्तरांच्या खाटेवर त्याच वेळी चादर बदलत होते. मास्तर पहाटे गेले होते.

एस्थर सिस्टर आपल्या खोलीत शनिवारच्या बैठकीचे कागद लावत होत्या. शलाकानं दार लावून घेतलं आणि सांगितलं. बरणी, तूप, मोजे, म्हैस.  सिस्टरांनी कागद पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतले.

"तुझं नाव मी वर पाठवलंय," त्या म्हणाल्या.

"हो सिस्टर."

"पाच वर्षं मी लोकांना सांगतेय की धुवा, अजून धुवा. उद्या मी काय सांगू? धुणारी बुरशी घेऊन फिरली आणि न धुणारा सुटला?"

"हात फाटले होते सिस्टर. तेवढंच सांगा."

सिस्टरांनी तिच्या हातांकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच, पडदा सोडून. "दाखवायचेस ना गं मला," त्या म्हणाल्या. आवाज रागाचा होता. थोड्या वेळानं त्याच रागानं त्यांनी एक गोष्ट सांगितली. नोंद बदलायची असेल तर हात नव्या नावावर घेता येतो. काचेवर तळवा ठेवायचा आणि नाव टाकायचं. "पण एक हात म्हणजे एकच नाव. मागचे सगळे ठसे त्या नावावर जातात. तुझे, तिचे, त्या चार खाटांवरचे. मशीनला हात कळतो, माणूस कळत नाही. आणि नाही बदललंस तर हा जांभळा मेलेल्या बाईचाच राहील. आठ-पंधरा दिवस सुट्टी घे, हातांवर औषध घे, कुणाला काही कळायचं नाही." त्यांनी कागदांना टाचणी लावली. "मी तुला हे दोन्ही सांगितलं. कोणतं कर हे सांगितलं नाही."

शनिवारी बैठकीत मेढेकर होते, सिस्टर होत्या, कंपनीचा इंजिनिअर होता. सम्मेद दाराशी खुर्चीच्या कडेवर बसला होता, हात गुडघ्यांवर उताणे. चहा आला. त्याच्यासमोरचा कप तसाच राहिला.

मेढेकर बोलायला उत्तम माणूस. चंचीबद्दल ते हळहळून बोलले, तरुणांच्या निष्काळजीपणाबद्दल वडीलकीनं बोलले, ऐनापुरे मास्तरांबद्दल दोन वाक्यं थांबून बोलले. मग म्हणाले, "बिरनाळे, तुला काही म्हणायचंय?"

"नाही सर." सम्मेदची नजर हातांवर होती. "मास्तरांच्या मुलीला भेटू का एकदा, एवढंच. हात न लावता."

शलाका उठली. टेबलाच्या कडेला नोंदणीची काच होती. तिनं तळवा ठेवला. काच गार लागली. पडदा क्षणभर विचारात पडला आणि मग त्यावर अक्षरं आली: गौराबाई मगदूम. मृत.

इंजिनिअरनं खुर्ची मागं घेतली. मेढेकरांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"बाळ, हात काढ तिथून," ते म्हणाले. "आपण यावर नंतर बोलू. शांतपणे. तुझ्या भविष्याचाही प्रश्न आहे."

"नाव बदलायचंय सर," शलाका म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं नाव टाइप केलं.

आधी कोपऱ्यातलं बेसिन हिरवं झालं. मग औषधांच्या ढकलगाडीची कड. मग खिडकीजवळची खाट, तिच्या शेजारची, त्याच्या पलीकडची. मास्तरांच्या खाटेचा कठडा सगळ्यांत शेवटी वळला, आणि तिथं ठिपके इतके होते की हिरवा रंग नकाशावर ओलाव्यासारखा पसरला. सम्मेदचा पिवळा त्याच्यापासून हातभर दूर, निराळा, स्वच्छ दिसत होता.

हिरवा तिथं थांबला नाही. तो काचेच्या खोलीत शिरला. तिथला पलंग, तिथला नळ, गौराबाईंनी त्या सगळ्या दिवसांत ज्या ज्या जागी हात टेकला, ज्या पेल्यानं पाणी प्याल्या, जी घंटा दाबून कुणी येईना म्हणून परत दाबली, ते सगळं एकेक करून हिरवं झालं. यादीच्या तळाशी एक नाव होतं, ते विझलं. नकाशावर जांभळा उरला नाही.

सम्मेदनं कप उचलला. आधी नुसता दोन्ही हातांत धरला. मग बशीतलं बिस्किट बुडवून खाल्लं, आणि ते खाताना त्याला रडू आलं.

आता कुणाला काय मिळालं ते. जागा सम्मेदला मिळाली, खोलीही, शवागार नसलेल्या खिडकीची. तो आता हात धुवायला शिकवतो, आणि ज्याचे हात फाटलेत त्याला आधी मलम लावून घरी पाठवतो. हा नियम त्याच्याच सांगण्यावरून झाला. कंपनीनं मशीनमध्ये घंटा बसवली, मृताचा हात चालू लागला की वाजणारी. मेढेकरांचा शोधनिबंध एका चांगल्या मासिकात आला. त्यात शलाकाचा उल्लेख 'एक तरुण स्त्री' असा आहे. सिस्टर पडद्याआधी हात बघू लागल्या. शलाकाला नाव मिळालं, त्या चार खाटांसकट. मास्तरांच्या मुलीला भेटायला ती गेली. मुलगी दारातच उभी राहिली, तिनं आत बोलावलं नाही, आणि शलाकानंही ते मागितलं नाही. जतहून मामाचा फोन आला. हाताचं कळलं होतं. मामा आईला म्हणाला, आत्ता नको. म्हणजे जी सोय तिला सगळ्यांत जड होती ती तिला फुकट मिळाली.

दोन महिने औषध चाललं. आईच्या हातांवरून नमुना घेऊन तिच्या तळव्यांवर नव्यानं वस्ती केली. बुरशी गेली. भेगा भरल्या. एके दिवशी मशीनवर तळवा ठेवला तेव्हा पहिल्या दिवशीच्या नोंदीशी जुळून तिचं नाव आलं. त्या दिवशी संध्याकाळी ती तळसंगीला गेली.

तिच्या येण्याचा निरोप आप्पांना आधीच पोचला होता. बादली घासून ठेवली होती. "ती येणार हाय आज," असं त्यांनी शेजारी सांगितलं होतं, म्हणून दोन-चार माणसंही अंगणात टेकली होती. शलाकानं म्हशीसमोर हात धरला. चंद्रीनं वास घेतला. दुसऱ्यांदा घेतला, जरा जास्त वेळ. मग तिनं मान वळवली आणि गव्हाणीतला कडबा ओढू लागली.

 आप्पांनी शलाकाचा हात घेतला, नाकाशी नेला, आणि या वेळी लगेच सोडला. "बरी झालीस पोरी," ते म्हणाले. मग चाचपत जाऊन त्यांनी बादली पालथी घातली.

आता भरलं कुणी ते. ऐनापुरे मास्तरांना या सगळ्यातून काहीच मिळायचं नव्हतं, त्यांनी पुरतं भरलं. आणि गौराबाईंनी एका पोरीच्या हाताला तीन आठवडे तूप चोळलं, त्याची किंमत त्यांच्याकडून दोनदा वसूल झाली. एकदा त्या पडद्यावरून पुसल्या गेल्या आणि एकदा गोठ्यातून.